तात्यांची दाढी आणि चिऊचं ‘नको’

पत्र:
माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गौरी-गणपतीला आम्ही दरवर्षी साताऱ्याकडे सासरच्या गावी जातो. तिथे तात्या, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, तिचे खूप लाड करतात. पण ती गाडीतून उतरली रे उतरली की तिला उचलायचं, दाढीचा गाल तिच्या गालावर घासायचा आणि पापी दिल्याशिवाय खाली सोडायचं नाही, ही त्यांची पद्धत. गेल्या वर्षी ती पाय झाडत रडली. मीच म्हटलं, “दे पटकन एक, मग चॉकलेट देते.” तिने दिली. नंतर बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. यंदा आतापासूनच विचारतेय, “तात्या असतील का?” या वेळी जबरदस्ती नको, असं मी नवऱ्याला म्हटलं, ते सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, “रक्ताच्या माणसाला झिडकारायला शिकवतेस. उद्या आम्हालाही लांब लोटेल.” तात्या मनाने निर्मळ आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वावगं काही नाही. पण लेकीचा चेहराही बघवत नाही. मी जरा जास्तच करतेय का?
एक आई, चिंचवड

उत्तर:
नाही, अजिबात जास्त करत नाही आहात. गेल्या वर्षीच्या प्रसंगाबद्दल स्वतःला बोल लावत असाल तर तेही सोडा. गणपतीला अजून वेळ आहे आणि साडेपाच वर्षांच्या मुली आयांना लवकर माफ करतात. लेकीला आपण इथे चिऊ म्हणू.

आधी माझंच सांगते. मी लहान असताना आमच्याकडे एक नातेवाईक यायचे. तंबाखू-चुन्याचा वास आणि ओली पापी. त्यांचा आवाज ओसरीवर ऐकू आला की मी मोरीत जाऊन बसायचे. मग शोधाशोध, मग मला हाताला धरून बाहेर आणणं. पापी झाली की मी फ्रॉकच्या घेराने गाल पुसायचे आणि आई हातावर हलकीशी चापट मारायची, “पुसू नको गं, त्यांना वाईट वाटेल.” त्या माणसाने कधीही काही वाईट केलं नाही. दर दिवाळीला मला पाचाची कोरी नोट द्यायचे. पण आज पन्नाशी उलटल्यावर मला ती नोट आठवत नाही, पापीही फारशी आठवत नाही. आईची चापट आठवते. गाल माझा, पण तो कोरडा करायचा की नाही हे दुसऱ्याला काय वाटेल यावर ठरणार. पुढे कॉलेजला जाताना एसटीत शेजारचा माणूस सरकत सरकत अंगावर यायचा, तेव्हा मी खिडकीच्या गजांना चिकटायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. बोललं तर त्याला वाईट वाटेल, असं खरंच मनात यायचं. आता हसू येतं, पण यायचं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या दाढीपेक्षा मला चॉकलेट जास्त टोचलं. तात्यांनी जे केलं ते लाडात केलं. आपण मात्र चिऊला एक व्यवहार शिकवला. अंगाला नको असलेलं सोसलंस की खाऊ मिळतो, आणि सोसायला सांगणारी माणसं आपलीच असतात. मुलांना त्रास देणारी माणसंही याच व्यवहारावर चालतात. ती झुडपाआडून झडप घालत नाहीत. आधी लाड करतात, खाऊ आणतात, पोराला एकट्याला फिरवून आणतात, आणि मग हळूच म्हणतात, “आईला सांगू नको हं.” केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलणं झालं. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी त्याआधी ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. का सांगतील? ‘नको’ म्हटल्यावर काय होतं, हे त्यांनी घरातच पाहिलेलं असतं.

हे वाचून तात्यांकडे संशयाने बघू नका. निर्मळ माणसाला संशयाचा वास लगेच येतो आणि तो वास जन्मभर जात नाही. उलट, तात्या निर्मळ आहेत म्हणूनच चिऊच्या ‘नको’ला त्यांच्यासारखा माणूस नाही. पोहायला आपण मुलांना एकदम नदीच्या धारेत सोडत नाही, कमरेएवढ्या पाण्यात डबा बांधून उतरवतो. तसंच हे. जिथे प्रेम आहे, जिथे नाही म्हटल्याने फार तर थोडा रुसवा होईल, तिथेच नाही म्हणायचा सराव होतो. शाळेच्या व्हॅनमध्ये किंवा क्लासच्या जिन्यात तो शब्द पहिल्यांदाच तोंडातून काढायची वेळ आली तर तो निघत नाही.

आता सासूबाई. त्यांचं भय खोटं नाही. त्यांना वाटतंय ते असं की शहरातली नात आधी तात्यांना टाळेल, मग गावाला टाळेल, मग आपल्यालाही. त्यांच्याशी वाद घालताना ‘मुलांचे हक्क’ वगैरे शब्द काढू नका, त्याने घरात फक्त आवाज चढतात. त्यापेक्षा त्यांना एक विचारा. तात्या त्यांचे थोरले दीर. या वयातही त्या तात्यांसमोर पदर सावरत असतील, चार हात लांब उभ्या राहत असतील, नमस्कारही खाली वाकून लांबूनच करत असतील. त्याला कोणी झिडकारणं म्हटलं का? आपल्याकडे मोठी माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत, तरी नाती टिकली. सासूबाईंनी सख्ख्या भावाला शेवटची मिठी कधी मारली होती ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण भाऊबीज एकदाही चुकली नसेल. अंगचटीला जाण्याचा हा सगळा हट्ट आपण फक्त पोरांच्या वाट्याला ठेवलाय, कारण ती उचलता येतात.

आणि लाड करायच्या आपल्याकडे किती सुंदर रीती आहेत! आजी नातीच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडते. सगळी माया त्या आवाजात असते आणि गालाला साधा स्पर्शही झालेला नसतो. सासूबाईंना म्हणावं, हे तुम्हीच चिऊला शिकवा. २०२० साली करोनात सगळ्या महाराष्ट्राने लांबून नमस्कार केले. तेव्हा कोणाचं रक्ताचं नातं तुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तात्यांशी बोलायचं काम मात्र तुमचं नाही, तुमच्या नवऱ्याचं आहे. ते त्याचे काका. सुनेने सांगितलं की ते सुनेचं होतं आणि पुढची दहा वर्षं सुनेच्या नावावर राहतं. आणि बोलायचं ते निघायच्या आठ दिवस आधी, फोनवर. अंगणात, चार भाऊबंदांसमोर, चिऊ कडेवर असताना बोलला तर तात्यांचा पाणउतारा होईल आणि मग कितीही बरोबर असलं तरी ते ऐकणार नाहीत. फार लांबण लावायची गरज नाही. “तात्या, चिऊ आता मोठी झालीय. पाप्या-बिप्या नको म्हणते. आम्हालाही नको म्हणते. यंदा तिला तिच्या मनाने जवळ येऊ द्या, बघा कशी चिकटते ती.” बस. यातलं ‘आम्हालाही’ खरं असायला हवं, त्याकडे मी पुढे येते.

तात्या हसतील. “च्यायला, आमच्या मांडीवर तू मुतलायस आणि आता आम्हाला शिकवतोस?” असंही म्हणतील. म्हणू द्या. नवऱ्याने तेव्हा कायद्याचं आणि मानसशास्त्राचं पुस्तक उघडू नये. गोठ्याची गोष्ट काढावी. नवीन वासरू आणलं की तात्या पहिल्या दिवशीच त्याच्या गळ्यात पडतात का? ते हातात पेंडीचा घास धरून उभे राहतात. वासरू आधी लांबून हुंगतं, मागे सरतं, परत येतं. घाई केली तर आठवडाभर बुजलेलं राहतं. जित्राबांना वाढवलेल्या माणसाला हे शहरातल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं. फक्त तेच शहाणपण पोरांनाही लागू आहे, हे कोणी त्यांना म्हटलेलं नसतं.

एवढं करूनही गाडीचं दार उघडताच तात्या हात पसरून पुढे आले तर? येतीलच, सवय आहे ती. त्या क्षणी बोलायचं ते तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने, चिऊने नाही. साडेपाच वर्षांच्या पोरीने सत्तरीच्या माणसाला एकटीने अडवावं, ही अपेक्षाच चूक. तुम्ही तिच्या बाजूला उभ्या राहा आणि हसतच म्हणा, “तात्या, आज ती टाळी देणार आहे.” तोवर तिला उचललं असेल तर, “तात्या, ती खाली उतरायचं म्हणतेय,” आणि सरळ हात पुढे करून तिला घ्या. आवाज चढवायचा नाही, पण वाक्य अर्धवटही सोडायचं नाही. चार माणसांत थोडं अवघडल्यासारखं होईल. ते अवघडलेपण तुम्ही घ्या. गेल्या वर्षी ते चिऊने एकटीने घेतलं होतं.

नमस्काराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. मोठ्यांना बघून काहीच म्हणायचं नाही, ही सूट मी देणार नाही. नमस्कार, टाळी, लांबून हात हलवणं, “तात्या, आलो” असं नुसतं म्हणणं, यातलं काय करायचं ते तिने निवडावं. माणसाची दखल घेणं ही रीत आहे, ती शिकवायचीच. स्वतःचा गाल देणं ही रीत नाही. लाजऱ्या मुलांना पहिल्या तासात तेवढंही जमत नाही. थोडं थांबा, चहा होऊ द्या.

आता तो ‘आम्हालाही’. चिऊने तुम्हाला, बाबांना, आजीला ‘नको’ म्हटलं तर काय होतं तुमच्या घरी? गुदगुल्यांचं बघा. पोर हसत असतं, म्हणून आपल्याला वाटतं मजा येतेय, आणि ते “बास, बास” म्हणत असतं तरी आपण चालूच ठेवतो. आजपासून घरात नियम करा, ‘बास म्हटलं की बास’. हसत म्हटलं तरी. बाबांनी हात तिथल्या तिथे हवेत थांबवायचे, अगदी पुतळ्यासारखे. बहुतेक मुलं मग दोन सेकंदांनी स्वतःच म्हणतात, “परत कर.” त्यात त्यांना आपल्या शब्दाची ताकद कळते, आणि खेळही जास्त रंगतो. हा नियम उलटाही लागतो बरं का. चिऊ मावशीच्या तान्ह्या बाळाला आवळत असेल, मांजराची शेपटी धरून ओढत असेल, तर तिथेही बास म्हणजे बास. दुसऱ्याचं ‘नको’ ऐकायची सवय नसलेल्या मुलीला आपलं ‘नको’ मोठ्याने म्हणता आलं, एवढ्यावर मी खूश होणार नाही.

पण सगळंच तिच्या मनावर नाही. केस विंचरायचे आहेत, डोळ्यांत थेंब घालायचे आहेत, लस टोचायची आहे, आंघोळ घालायची आहे, रस्ता ओलांडताना हात धरायचा आहे. तिथे “नको” म्हटलं तरी ते होणारच, आणि तसं तिला सरळ सांगा. “हे करावं लागणार आहे, आधी उजव्या डोळ्यात घालू की डाव्या?” लाडाच्या स्पर्शात निवड तिची, काळजीच्या स्पर्शात करायची पद्धत तिने ठरवायची. यामुळेच शाळांतून शिकवतात ती ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी मला अपुरी वाटते. इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नाही. आणि गैरहेतूने केलेला स्पर्श दर वेळी दुखतोच असं नाही, कधी तो गोडही लागतो, आणि मग मूल स्वतःलाच वाईट समजायला लागतं. त्यापेक्षा ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द बरे. त्याहूनही सोपं म्हणजे घरचं वाक्य: चड्डीच्या आतली जागा तुझी आहे. आई-बाबा स्वच्छ करायला आणि डॉक्टर आई-बाबांसमोर तपासायला, एवढ्यांनीच हात लावायचा. दुसऱ्या कोणी आपली दाखवायचीही नाही, तुझी बघायचीही नाही. त्या अवयवांची नावं हळू आवाजात घेऊ नका. ज्या गोष्टीचं नाव घरात घेता येत नाही, तिच्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

जाता जाता मुलग्यांचं. तुमच्या पत्रात मुलगी आहे, पण गावच्या अंगणात तिचे चुलतभाऊही असणार. चार वर्षांच्या पोराची चड्डी ओढून “दाखव बघू, मुलगा आहेस की मुलगी” म्हणत हसणारे काके-मामे मी शहरात आणि गावात दोन्हीकडे पाहिलेत. पोरगं कानकोंडं होऊन भिंतीला चिकटतं आणि सगळे म्हणतात, लाजला लाजला. वर सांगितलेल्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक त्रास झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. तुम्ही तिथे असाल तेव्हा त्या पोराच्या बाजूनेही एक वाक्य बोला. नवऱ्याने बोललं तर फारच उत्तम.

गुपितांबद्दल घरात एक फरक चिऊला शिकवा. गंमत वेगळी आणि गुपित वेगळं. बाबांच्या वाढदिवसाचा केक फ्रिजमध्ये लपवलाय ही गंमत, ती संध्याकाळी उघड होणारच. जी गोष्ट कधीच कोणाला सांगायची नाही असं कोणी म्हणालं, ती आईला लगेच सांगायची. मग ते सांगणारं माणूस घरचं असो की बाहेरचं. आणि हे शिकवल्यावर आपणही “बाबांना सांगू नको हं, आपण पाणीपुरी खाल्ली” हे थांबवायचं. मला स्वतःला हे सर्वांत अवघड गेलं.

तुम्ही लिहिलंय की मनात वावगं काही नाही. ठीक आहे. तरीही एवढं डोक्यात असू द्या: मूल अचानक एखाद्याच ठरावीक माणसाला घाबरायला लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, न शिकवलेले शब्द किंवा खेळ करायला लागलं, तर ते नखरे म्हणून सोडू नका. शांतपणे जवळ बसा. “तेव्हाच का नाही सांगितलंस?” हे वाक्य गिळून टाका. “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” एवढंच म्हणा आणि ऐका. १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, १८ वर्षांखालच्या सगळ्यांना, मुलगा असो वा मुलगी, मूल मानलंय. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच त्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे “घरातलं घरात मिटवू” म्हणणाऱ्या भावकीला सरळ उत्तर देता येतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला फौजदाराने, आणि पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. पोलीस स्टेशनच्या भीतीने गप्प बसणाऱ्या आया मला खूप भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतेय. “कपड्यांवरूनच तर होतं” या सबबीलाही आता जागा नाही. कपड्यांवरून केलेला स्पर्श या कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला.

हे सगळं तुम्हाला कधी लागू नये. आपण परत तात्यांकडे येऊ.

तात्यांची पापी काढून घेतली आणि त्या जागी काहीच दिलं नाही, तर ते खरोखर दुखावतील. त्यांना चिऊबरोबर काहीतरी काम द्या. गणपतीच्या दिवसांत रानात भुईमूग असला तर ओल्या शेंगा उपटायला तिला घेऊन जा म्हणावं, तुम्ही किंवा नवरा बरोबर असाच. गोठ्यात घास टाकायला, आरतीच्या वेळी झांजा कशा धरायच्या ते दाखवायला. पापी अर्ध्या मिनिटाची, आणि ती सुद्धा भांडून. शेंगा अख्खी दुपार पुरतात. मातीने भरलेले दोघांचे हात एका बादलीत धुतले जातील, तेव्हा ती आपणहून त्यांच्या पाठीवर चढेलही कदाचित. नाही चढली तरी चालेल, हे तात्यांना आणि तुम्हालाही आधीच ठाऊक असू द्या. तिने जवळ यावं म्हणून शेंगा नाहीत.

दाढीचं मात्र चिऊलाच बोलू द्या. नको त्या वेळी नाही, शेंगा खाताना, गप्पांत. “तात्या, तुमची दाढी टोचते.” सुनेने सांगितलेलं मनाला लागेल, पुतण्याने सांगितलेलं खटकेल, पण नातीचं हे वाक्य तात्या गावभर हसत सांगत फिरतील.

गाडी गावात शिरली की तिला एकदाच विचारा, आज तात्यांना नमस्कार की टाळी? “काहीच नाही,” म्हणाली तर नुसता हात हलवू द्या. आणि बॅगेत चॉकलेटं असतील तर ती राहू देत. विसर्जन झाल्यावर सगळ्या पोरांना ओळीने बसवून वाटा, कोणाकडून काही न मागता.